शब्दार्थाचा चेंडू : बेसबॉलचे व्यंगपट आणि मराठी क्रीडापरिभाषा

१

खेळ आणि भाषा यांचा संबंध अभ्यासकांच्या नजरेतून बहुधा निसटतो. खेळाचा इतिहास लिहिणारे नियम, स्पर्धा आणि संस्था यांची नोंद करतात. भाषेचा इतिहास लिहिणारे ग्रंथ, शिलालेख आणि कागदपत्रे तपासतात. मैदानावर मोठ्याने ओरडून वापरला जाणारा शब्द ह्या दोघांच्याही हद्दीबाहेर पडतो. ह्या दुर्लक्षित क्षेत्राकडे पाहण्यासाठी प्रस्तुत लेखात एक आडवाट स्वीकारली आहे. विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात अमेरिकेत बेसबॉल ह्या खेळावर जे लहान व्यंगपट निघाले, त्यांच्या विनोदाची घडण प्रथम पाहावयाची, आणि त्या घडणीच्या प्रकाशात मराठी क्रीडापरिभाषेकडे वळावयाचे, असा हा क्रम आहे.

'व्यंगपट' हा शब्द येथे, एकेक चित्र काढून किंवा एकेक वस्तू हलवून ती क्रमाने छायाचित्रित केल्यामुळे हालचालीचा भास निर्माण करणारा लघुपट, अशा अर्थाने वापरला आहे. त्यासाठी 'सचेतपट' असाही शब्द कोणी सुचवील. अर्थाच्या दृष्टीने तो अधिक व्यापक आहे, हे मान्य करावयास हवे. परंतु आपण ज्या कृतींचा विचार करणार आहोत त्या हास्यप्रधान असल्यामुळे 'व्यंगपट' हाच शब्द सोयीचा वाटतो.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांना बेसबॉल हा खेळ केवळ नावाने परिचित असेल. प्रत्येक संघात नऊ खेळाडू. मैदानात चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी, दोन ठाण्यांत नव्वद फुटांचे अंतर. एक जण चेंडू फेकतो, दुसरा गोल लाकडी दांडक्याने तो टोलावतो आणि ठाण्यामागून ठाणे गाठीत, जेथून निघाला तेथे, म्हणजे 'घरी', परत येतो. तो घरी पोचला की एक धाव पूर्ण होते. तीनदा फटका हुकला की खेळाडू बाद, तीन खेळाडू बाद झाले की संघाची पाळी संपली, आणि अशा नऊ पाळ्यांचा एक सामना. विटीदांडू, लगोरी आणि आट्यापाट्या खेळलेल्या माणसाला ह्यात अगदी अपरिचित असे थोडेच आहे. घर सोडून जाणे, अडथळे ओलांडणे आणि सुखरूप घरी परतणे ही कल्पना आपल्या खेळांतही आहेच.

२

बेसबॉलवरील व्यंगपटांपैकी तीन येथे विचारात घेतले आहेत. पहिला 'हाउ टु प्ले बेसबॉल' हा वॉल्ट डिस्ने यांच्या चित्रसंस्थेने १९४२ साली काढलेला लघुपट. त्याचे दिग्दर्शन जॅक किनी यांचे. लू गेरिग ह्या दिवंगत बेसबॉलपटूच्या जीवनावर सॅम्युएल गोल्डविन यांनी 'द प्राइड ऑफ द यँकीज' हा चित्रपट त्याच वर्षी काढला, आणि त्याच्या जोडीला दाखवण्यासाठी त्यांच्याच सूचनेवरून हा लघुपट तयार झाला. ह्यात गूफी नावाचे एकच पात्र दोन्ही संघांतील सर्व जागा भरून काढते. एक निवेदक पाठ्यपुस्तकी गांभीर्याने खेळाचे नियम समजावून देतो, आणि पडद्यावरील गूफी त्या प्रत्येक वाक्याची फजिती करून दाखवतो.

दुसरा 'बॅटी बेसबॉल' हा १९४४ सालचा, टेक्स एव्हरी यांनी एम. जी. एम. ह्या संस्थेसाठी केलेला. ह्याच्या नावातच श्लेष आहे. चेंडू मारण्याच्या दांडक्याला जो शब्द, त्याच्याच अंगाचा शब्द इंग्रजीत विक्षिप्त माणसासाठी वापरतात. ह्या लघुपटात खेळ एकदम सुरू होतो. मग एक खेळाडू खेळ थांबवून, संस्थेचे नाव आणि गर्जणारा सिंह दाखवावयाचे राहून गेले अशी तक्रार करतो, आणि त्यानंतर श्रेयनामावली येते.

तिसरा आणि सर्वांत प्रसिद्ध म्हणजे वॉर्नर ब्रदर्सचा 'बेसबॉल बग्ज' हा १९४६ सालचा लघुपट. त्याचे दिग्दर्शक फ्रिझ फ्रीलेंग. न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्स ह्या मैदानावर दांडग्या खेळाडूंचा एक संघ दुबळ्या म्हाताऱ्यांच्या संघाला चिरडीत आहे. बग्ज बनी हा ससा आपल्या बिळातून टोमणे मारतो. तेव्हा दांडगे खेळाडू त्याला मैदानात ओढतात, आणि तो एकटा नऊही जागांवर खेळून त्यांना पराभूत करतो. ते पोलो ग्राउंड्स १९६४ साली पाडण्यात आले. आज ते केवळ जुन्या छायाचित्रांत आणि अशा लघुपटांत उरले आहे.

ह्या तिन्ही कृतींची लांबी सुमारे सात-आठ मिनिटांची आहे. सेकंदाला चोवीस चित्रे ह्या हिशेबाने सात मिनिटांसाठी दहा हजारांहून अधिक चौकटी लागतात. एकेक रेखाटन दोन चौकटींसाठी वापरले तरी पाच हजार रेखाटने झाली. इतक्या श्रमाच्या कामात प्रेक्षकाला खेळ समजावून देण्यात वेळ घालवणे परवडणारे नव्हते. खेळ प्रेक्षकाला ठाऊक आहे, त्याचे शब्द त्याच्या जिभेवर आहेत, हे गृहीत धरूनच विनोद रचावा लागे. अगदी 'हाउ टु प्ले बेसबॉल' हा नावाने शिकवणीचा लघुपटसुद्धा, ज्याला खेळ येतो त्यालाच हसवतो. म्हणून हे लघुपट खेळाचे चित्रण जितके करतात, तितकेच खेळाच्या भाषेचेही करतात.

३

ह्या विनोदाची यंत्रणा काय आहे? 'बेसबॉल बग्ज'मधील एका प्रसंगावरून ती स्पष्ट होईल. बग्ज बनी आपण आता 'मंद चेंडू' टाकणार असे जाहीर करतो. बेसबॉलच्या परिभाषेत मंद चेंडू म्हणजे अपेक्षेपेक्षा कमी वेगाने येणारा चेंडू. पडद्यावर मात्र चेंडू खरोखरच इतक्या सावकाश तरंगत येतो की, तो पोचेपर्यंत एकामागून एक तीन खेळाडू आपापले दांडके फिरवून बाद होतात. एका फेकीत सारी पाळी संपते. येथे अतिशयोक्ती आहे, पण ती मनमानी नाही. चित्रकाराने नवीन काहीही कल्पिलेले नाही. त्याने केवळ शब्दाचा वाच्यार्थ गांभीर्याने घेतला आहे.

त्याच लघुपटात दांडग्यांच्या संघाला 'गॅस हाउस गोरिलाज' असे नाव आहे. १९३४ सालच्या सेंट लुईस कार्डिनल्स ह्या संघाला 'गॅस हाउस गँग' असे टोपणनाव मिळाले होते. चित्रकाराने त्या नावातील टोळीच्या जागी गोरिला घातला आणि मग खेळाडूंची शरीरेही तशीच काढली. शेवटचा झेल घेण्यासाठी ससा एका उत्तुंग इमारतीच्या टोकावर जातो. न्यूयॉर्कच्या 'एम्पायर स्टेट' इमारतीचे नाव तेथे 'अम्पायर स्टेट' असे लिहिलेले आहे. एका वर्णाचा फरक, आणि साम्राज्याच्या जागी पंच आला.

अलंकारशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर येथे लक्षणेकडून अभिधेकडे उलटा प्रवास होतो. कोणत्याही खेळाची परिभाषा प्रारंभी रूपकांची बनलेली असते. इंग्रजी बेसबॉलमध्ये खेळाडू ठाणे 'चोरतो', चेंडू 'उडतो', एखादा गडी दुसऱ्यासाठी स्वतःचा 'बळी' देतो, मैदान 'हिरा' असते आणि ठाण्यांपैकी एक 'घर' असते. रोजच्या वापराने ही रूपके झिजतात आणि त्यांची पारिभाषिक नाणी होतात. बोलणाऱ्याला त्यांतील चित्र दिसेनासे होते. व्यंगपटाचा चित्रकार हे झिजलेले नाणे घासून त्यावरील मूळ छाप पुन्हा दाखवतो. कवी नवे रूपक घडवतो. व्यंगपटकार मेलेल्या रूपकाला पुन्हा श्वास देतो. हा ह्या लघुपटांचा भाषाशास्त्रीय विशेष होय.

ह्यातून एक उपसिद्धान्त निघतो. असा विनोद एका भाषिक समाजाच्या मालकीचा असतो. 'अम्पायर स्टेट'चे भाषांतर होऊ शकत नाही. पद्धतीचे मात्र होऊ शकते. दुसऱ्या भाषेची स्वतःची झिजलेली नाणी असतातच. प्रश्न ती घासावयाचा आहे.

४

खेळ एका देशातून दुसऱ्या देशात जातो तेव्हा शब्दांचे काय होते, ह्याचे उत्तम उदाहरण जपानचे आहे. होरेस विल्सन ह्या अमेरिकन शिक्षकाने १८७२ च्या सुमारास टोकियोत बेसबॉल शिकवला. सुमारे वीस वर्षे त्याचे नाव परकेच राहिले. १८९४ साली चूमान कानाए यांनी 'याक्यू' हा शब्द घडवला. त्याचा अवयवार्थ 'मैदान' आणि 'चेंडू' असा आहे. तो शब्द आजतागायत रूढ आहे. १९३० साली मुराता यासुजी यांनी जपानमध्ये बेसबॉलवर एक मूक व्यंगपट केला. त्यात ससे आणि 'तानुकी' नावाचे, जपानी लोककथांत वारंवार येणारे प्राणी एकमेकांविरुद्ध खेळतात. खेळ अमेरिकेचा, परंतु खेळाडू जपानी लोककथेतले आणि खेळाचे नावही जपानी. परकी वस्तू आपली होते ती अशी.

ह्याची दुसरी बाजूही ध्यानात घेण्याजोगी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, जपानी बेसबॉलमधून इंग्रजी पारिभाषिक शब्द हद्दपार करून त्यांच्या जागी जपानी शब्द योजण्यात आले. युद्ध संपताच ते आदेशाने आलेले शब्द गेले आणि इंग्रजी शब्द परतले. 'याक्यू' मात्र टिकला, कारण तो हुकमाने आलेला नव्हता. खेळणाऱ्यांना तो हवा होता.

५

आता महाराष्ट्राकडे वळू. येथील सचेत चित्रणाचा आरंभ दादासाहेब फाळके यांच्यापासून होतो. १९१२ साली चित्रपटासाठी भांडवल मिळवण्याच्या खटपटीत त्यांनी एका वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी छायाचित्रित केली आणि ती सलग दाखवून पाहणाऱ्यांना थक्क केले. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ साली, त्यांनी 'आगकाड्यांची मौज' हा लघुपट केला. त्यात आगकाड्या आपोआप हलून निरनिराळे आकार धारण करीत. एकेक काडी हाताने किंचित हलवावयाची आणि एकेक चौकट घ्यावयाची, अशी ती रीत होती. हा लघुपट आज उपलब्ध नाही. त्याचे नाव तेवढे इतिहासात राहिले आहे.

त्यानंतरचा टप्पा प्रभात फिल्म कंपनीचा. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन होऊन १९३३ साली पुण्यास आलेल्या ह्या संस्थेने त्या दशकाच्या मध्यास 'जंबूकाका' हा व्यंगपट काढला. त्याचे कर्ते रघुनाथ केळकर. ह्या नावाकडे भाषेच्या अभ्यासकाने थांबून पाहावयास हवे. संस्कृतात 'जंबुक' म्हणजे कोल्हा. त्यातील शेवटचा 'क' पुढे ओढून 'काका' केला की, नीतिकथांतला धूर्त प्राणी एकदम घरातला नातलग होतो. नाव ऐकताच मूल काकाला हाक मारते आणि जाणत्याला कोल्हा दिसतो. म्हणजे अक्षरांशी खेळून अर्थ उलगडण्याची जी क्लृप्ती अमेरिकन लघुपटांत आपण पाहिली, तिचे बीज मराठी व्यंगपटाच्या एका आद्य शीर्षकातच होते.

परंतु ते बीज खेळाच्या दिशेने वाढले नाही. फाळक्यांच्या काड्या आणि प्रभातचा कोल्हा यांच्यानंतर मुंबईत फिल्म्स डिव्हिजनने १९५६ साली व्यंगपटांचा स्वतंत्र विभाग उघडला. डिस्नेच्या संस्थेत काम केलेले क्लेअर वीक्स यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे 'द बनियन डिअर' हा लघुपट १९५७ साली तयार झाला. त्याची कथा जातकांतली. प्राणिकथा, पुराणकथा आणि लोकशिक्षण ह्या वाटांनी हे काम गेले. सरकारी आश्रयाने चालणाऱ्या कलेला उपदेश जवळचा वाटला, हे स्वाभाविक होते. अनेक भाषांत रूपांतर करून दाखवावयाच्या चित्रपटाला एका भाषेच्या श्लेषावर विसंबता येत नाही, हेही त्यामागील एक कारण असावे. विटीदांडूच्या किंवा हुतूतूच्या मैदानावरचे शब्द पडद्यावर यावयाचे राहिले, ते राहिलेच.

६

ही उणीव का जाणवावी? कारण मराठीची क्रीडापरिभाषा अशा रूपकांनी ओसंडून वाहते. प्रथम क्रिकेटचे शब्द घेऊ. 'गोलंदाज' हा मुळात तोफखान्यातला माणूस. गोळा फेकणारा, फारसी घडणीचा शब्द. त्याच्या धर्तीवर, 'फळी'शी नाते जोडून, 'फलंदाज' आला. 'फळी' ही 'चेंडूफळी' ह्या आपल्या जुन्या खेळातली. 'त्रिफळाचीत' आणि 'पायचीत' ह्या शब्दांतील 'चीत' कुस्तीच्या आखाड्यातून आला. पाठ जमिनीला लागलेला मल्ल तो चीत. 'बाद' हिशेबाच्या वहीतला. 'षटक' आणि 'यष्टी' पाठशाळेतले. एका परक्या खेळाला नावे देताना मराठीने तोफखाना, आखाडा, कचेरी आणि पाठशाळा अशी चार दारे उघडली. हे शब्द वर्तमानपत्रांच्या आणि धावत्या वर्णनांच्या द्वारा लोकांत रुजले. ते कोणी लादले नव्हते.

ह्यांतील रूपके घासली तर काय दिसेल? 'त्रिफळा उडाला' असे आपण सहज लिहितो. वैद्याच्या दृष्टीने त्रिफळा म्हणजे हिरडा, बेहडा आणि आवळा. यष्ट्यांच्या जागी चूर्णाचा लोट उठलेला एखाद्या व्यंगपटात दाखवला, तर मराठी प्रेक्षकाला स्पष्टीकरण लागणार नाही. 'भोपळा फोडला' हे तर सिद्ध चित्रच आहे.

परंतु खरा साठा देशी खेळांत आहे. लपंडावात ज्याच्यावर 'राज्य' येते, तो बिचारा एकटा सर्वांना शोधीत हिंडतो. राज्य म्हणजे भोग नव्हे, कष्ट, हा अर्थ मुलांनी कोणत्या राजनीतीच्या ग्रंथातून घेतला नाही. आट्यापाट्यांत नऊ पाट्या आणि त्या अडवणारे नऊ गडी. सर्व पाट्या ओलांडून जो परततो तो 'लोण' आणतो. लोण म्हणजे मीठ, संस्कृत 'लवण'. आज आपण 'चळवळीचे लोण खेड्यापाड्यांत पोचले' असे लिहितो. इतिहासाच्या किती प्रबंधांत हे वाक्य असेल! ते लिहिणाऱ्यांपैकी किती जणांच्या डोळ्यांपुढे पाट्या ओलांडून धापा टाकीत येणारा गडी उभा राहतो? कबड्डीच्या आजच्या नियमावलीत 'लोना' हा शब्द आहे, तो ह्याच कुळातला. 'कोंडी फोडणे', 'खो घालणे', 'टोला हाणणे', 'कोलून लावणे' ही अग्रलेखांतून नित्य भेटणारी क्रियापदे मैदानावरच्या मातीची आठवण ठेवून आहेत.

विटीदांडूची मोजणी तर भाषाशास्त्राच्या दृष्टीने स्वतंत्र प्रकरण होईल. वकट, लेंड, मूंड, नाल असे आकडे महाराष्ट्राच्या अनेक भागांतील मुले पिढ्यान् पिढ्या घेत आली. हे आकडे मराठी नाहीत. तेलुगूत एक ते चार म्हणजे ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. बोलण्यात 'ओकटि'च्या आरंभी वकार येतो, तो 'वकट'मध्ये आहे. 'रेंडु'चे 'लेंड' होण्यात र आणि ल यांची अदलाबदल आहे. 'मूंड'मधील अनुस्वार अपभ्रंश वाटेल. परंतु जुन्या तेलुगू लेखनात 'मूडु' ह्या शब्दात अर्धानुस्वार लिहीत असत, हे लक्षात घेतले की, मराठी मुलांच्या तोंडी तेलुगूचे एक जुने रूप राहून गेले असावे अशी शंका येते. कन्नडमध्ये हेच आकडे ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु असे आहेत. 'वकट' आणि 'लेंड' त्यांच्याशी जुळत नाहीत. म्हणून हा ठेवा तेलुगूकडचा मानणे युक्त होय. ही मोजणी सोलापूरच्या सीमावर्ती भागापुरती नाही, ती पश्चिमेकडेही दूरवर पसरलेली आहे; तेव्हा अलीकडच्या शेजारामुळे ती आली असे म्हणता येत नाही. चारच्या पुढील नावे गावोगाव बदलतात, आणि त्यांतच पुढील संशोधनाची वाट आहे.

७

व्यंगपटकाराने मृत रूपकाचा वाच्यार्थ जागा केला, असे वर म्हटले. मराठीत ह्याच्या नेमकी उलट दिशा चारशे वर्षांपूर्वी चोखाळली गेली होती. एकनाथ आणि तुकाराम यांनी चेंडूफळी, विटीदांडू, हमामा, टिपरी, फुगडी अशा खेळांवर अभंग रचले. त्यांत खेळाच्या प्रत्येक शब्दामागे अध्यात्माचा दुसरा अर्थ उभा आहे. डाव, गडी, चेंडू हे मैदानावरचेही आहेत आणि जिवाच्या प्रवासातलेही. व्यंगपट अर्थाला खाली, मुळाकडे आणतो. संतांचे रूपक त्याला वर नेते. दिशा भिन्न असल्या तरी दोघांचे भांडवल एकच आहे. ते म्हणजे श्रोत्यांच्या जिभेवर असलेली खेळाची जिवंत परिभाषा. खेळ खेळला जात होता म्हणून रूपक कळत होते.

येथे माळशिरस तालुक्याचा उल्लेख अप्रस्तुत ठरणार नाही. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर अशी ह्या तालुक्यातून जाते. तुकाराम महाराजांची अकलूज आणि माळीनगर ह्या मार्गाने. सदाशिवनगर, खुडूस फाटा, अकलूज, माळीनगर येथे रिंगण होते. अश्व धावून गेल्यावर टाळकऱ्यांचे उडीचे खेळ, फुगड्या, हुतूतू सुरू होतात. ज्या अभंगांत खेळ रूपक झाले, ते गाणारे लोक येथे प्रत्यक्ष खेळतात. रूपक आणि त्याचे मूळ एकाच मैदानावर दिसण्याचा असा योग विरळा.

शब्दसंग्रहासाठी हा तालुका निवडण्यास आणखी एक कारण आहे. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्याने येथील शेती बदलली. सासवड भागातून आलेल्या माळी समाजाच्या शेतकऱ्यांनी १९३० नंतरच्या दशकात माळीनगर येथे साखर कारखाना उभारला. उसाच्या हंगामात मराठवाड्यातून आणि इतर भागांतून तोडणी कामगारांच्या टोळ्या येतात, आणि त्यांच्याबरोबर मुलेही. पुणे जिल्ह्याची बोली, माणदेशची बोली, मराठवाड्याची बोली आणि दरवर्षी वारीबरोबर वाहत येणाऱ्या साऱ्या महाराष्ट्राच्या बोली ह्या तालुक्यात एकमेकींना भेटतात. एकाच खेळाच्या एकाच खड्ड्याला, एकाच फटक्याला किती नावे मिळतात आणि त्यांतील कोणते नाव टिकते, हे तपासण्यास ह्याहून चांगली जागा सहसा मिळावयाची नाही.

ह्या कामाला घाई आहे. मोल्सवर्थच्या कोशाने (दुसरी आवृत्ती १८५७) आणि पुढे दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाने (१९३२ ते १९३८) लोकभाषेतील शब्द मोठ्या आस्थेने टिपले. बडोद्याहून निघालेल्या दहा खंडांच्या 'व्यायाम ज्ञानकोशा'ने देशी खेळांच्या रीती नोंदल्या. परंतु कोशात शब्द सुटा येतो. तो कोणत्या क्षणी, कोणत्या स्वरात, कोणत्या हालचालीबरोबर उच्चारला जातो, हे कोश सांगू शकत नाही. शिवाय प्रमाण नियमावली झाली की परिभाषाही प्रमाण होते. हुतूतूची कबड्डी झाली, तिला मैदान, पंच, प्रेक्षक आणि मान्यता मिळाली, हे चांगलेच झाले. पण गावोगावचे शब्द त्या प्रमाणात मागे पडले. ज्या खेळांना नियमावलीचे संरक्षण मिळाले नाही, त्यांचे शब्द तर खेळाबरोबरच जातात. विटीदांडू न खेळलेल्या मुलाला 'टोला' हा शब्द राजकीय बातमीतच भेटतो. तेथे तो केवळ एक झिजलेले नाणे असतो, आणि त्यावर कोणता छाप होता हे सांगणारे कोणी उरत नाही.

८

अमेरिकेतील ते लघुपट करमणुकीसाठी निघाले. आपण भाषेचे दस्तऐवज तयार करीत आहोत, अशी त्यांच्या कर्त्यांची कल्पनाही नसेल. तथापि १९४० नंतरच्या दशकात सामान्य प्रेक्षक बेसबॉलचे कोणते शब्द जाणत होता, कोणता श्लेष त्याला न सांगता कळत होता, ह्याचा पुरावा म्हणून आज त्यांच्याकडे बोट दाखवता येते. पोलो ग्राउंड्स पाडले गेले. तेथला शब्दव्यवहार काही अंशी त्या सात मिनिटांत राहिला. आपल्याकडे 'आगकाड्यांची मौज' गेली, आणि विटीदांडूचा व्यंगपट तर निघालाच नाही.

तेव्हा पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घ्यावे असे काम स्पष्ट आहे. तालुका हे क्षेत्र धरावे. साठीच्या पुढील माणसांकडून खेळांची नावे, मोजणी, भांडणाचे शब्द, सवलतीचे शब्द, चिडवण्याचे शब्द ध्वनिमुद्रित करावेत. शब्द विचारून घेऊ नयेत. शक्य असेल तेथे खेळ प्रत्यक्ष खेळवून त्याचे चित्रण करावे, कारण हे शब्द बसून आठवत नाहीत, हात उचलल्यावर आठवतात. गावाचे नाव आणि सांगणाऱ्याचे मूळ गाव, दोन्ही नोंदवावीत. स्त्रियांच्या आणि मुलींच्या खेळांना ह्या संग्रहात बरोबरीचे स्थान असावे. फुगडी, झिम्मा आणि सागरगोटे यांची परिभाषा पुरुषांच्या खेळांइतकीच संपन्न आहे. असा संग्रह सिद्ध झाला, तर कोशकाराला त्यातून शब्द मिळतील, भाषाशास्त्रज्ञाला संपर्काचा इतिहास मिळेल आणि एखाद्या चित्रकाराला 'राज्य' डोक्यावर घेऊन वणवण फिरणाऱ्या मुलाचे चित्र मिळेल. वकट, लेंड, मूंड, नाल ह्यांच्या पुढचे आकडे ज्यांना तोंडपाठ आहेत, अशी माणसे आज हयात आहेत. त्यांच्याकडे जाण्याचे काम पुढच्या पिढीवर सोडता येणार नाही.